उताराला न्यूट्रल : बचत नव्हे, गैरसमज



चौथीच्या वर्गात इंधन बचतीवर गप्पा चालू होत्या. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, चाळीसगावला येताना माझे पप्पा कन्नड घाटात गाडी न्यूट्रल करतात. पेट्रोल वाचतं." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. माझ्या घरीही हेच चालायचं, म्हणून नीट समजून घेतलं. आता माझं मत पक्कं आहे: हा गैरसमज आपण वर्गातच काढायला हवा.

इंजिनाला पेट्रोल किती लागतं हे दोन गोष्टींवर ठरतं, इंजिनावरचा लोड आणि एक्सिलेटर किती दाबला ते. पेट्रोल गाडीत एक्सिलेटर दाबला की हवेची झडप उघडते. आत जाणाऱ्या हवेच्या हिशोबाने पेट्रोल सोडलं जातं. चढ, जास्त माणसं, कमी हवेची चाकं, एसी, वेग, या सगळ्यांनी लोड वाढतो. आपला जळगाव-धुळे रस्ता बऱ्यापैकी सपाट, तिथे खरा लोड वेगाचा. ८० वरून १०० वर गेलो की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

मग एक्सिलेटर जितका कमी दाबू तितकी बचत? तसंही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ५० ने गाडी चालली की इंजिन जोरात फिरतं, पण झडप जवळजवळ बंद. अरुंद फटीतून हवा ओढण्यात शक्ती वाया जाते. मुलांना स्ट्रॉ चिमटून उसाचा रस प्यायला सांगा, लगेच कळेल. त्याच वेगाला वरचा गिअर टाकला तर झडप जास्त उघडते, पण इंजिन कमी फिरतं आणि पेट्रोल कमी लागतं. गाडी थरथरली तर मात्र गिअर खाली घ्यावा.

आता घाट. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून एक्सिलेटर सोडला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचत गिअरमध्येच आहे! शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड सुटते. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेक कडक होतो, स्टेअरिंग जड होतं. मागच्या सीटवर आपलीच लेकरं बसलेली असतात हो.

पाठ्यपुस्तकात बल, कार्य, ऊर्जा, घर्षण हे शब्द येतात, मुलं व्याख्या पाठ करतात. त्यापेक्षा हा गृहपाठ द्या. जळगावला टाकी फुल्ल करा, धुळ्याला जाऊन परत फुल्ल करा. जितके लिटर बसले तितकं जळालं. समजा ९० किमीला ६ लिटर लागले, तर अॅव्हरेज १५. परतताना सावकाश या, ५ लिटर लागले तर १८. भागाकारही झाला आणि विज्ञानही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "पप्पांना म्हण, घाटात गाडी गिअरमध्येच ठेवा." पोरगं घरी जाऊन सांगेलच. मुलांचं ऐकतात पालक, आपण फक्त नीट शिकवायला हवं.