एक प्रश्न, अनेक पुस्तके

पुस्तके वाचणारे लोक पुष्कळ असतात. परंतु पुस्तकांना प्रश्न विचारणारे लोक थोडेच असतात. कित्येक वाचक पुस्तक मिटताच त्यातील मजकूर विसरून जातात. कित्येक त्यातील प्रत्येक शब्द प्रमाण मानून स्वस्थ बसतात. खरा वाचक या दोहोंपैकी काहीच करीत नाही. वाचता वाचता त्याच्या मनात एखादी शंका उभी राहते. ती शंका बरोबर घेऊन तो दुसऱ्या पुस्तकाकडे जातो, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो, आणि मधूनमधून पुस्तक बाजूला ठेवून आपल्या भोवतीच्या जगाकडेही पाहतो. अशा वाचनानेच माणसाला स्वतःचे मत बनविता येते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ हे तालुक्याचे गाव आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस कृष्णा आणि वारणा यांच्या काठी उसाचे हिरवे मळे आहेत. पूर्वेस मात्र कवठे महांकाळ, आटपाडी आणि जत हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखला गेला. या तालुक्यातील एखाद्या वस्तीवर सातव्या इयत्तेत शिकणारी एक मुलगी राहते, असे समजावे. आषाढ संपत आला आहे, आभाळात ढग आहेत, पण पाऊस नाही. मुलीचे आजोबा अंगणात बसून आभाळाकडे पाहत म्हणतात, “पाऊस नशिबाचा असतो, पोरी. आपल्या नशिबी तो थोडाच.” आजोबांचे बोलणे खोटे असेल असे मुलीला वाटत नाही, तरीही तिचे समाधान होत नाही. शंभर-सव्वाशे मैलांच्या आत कोठे धो धो पाऊस पडावा आणि येथे शिंतोडाही पडू नये, हे नशीब कोण ठरवितो?

ती प्रथम भूगोलाचे पुस्तक उघडते. तेथे तिला सरळ उत्तर मिळते. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीचा कडा आडवा आला, की ते वर चढतात. वर चढताना ते थंड होतात, आणि बाष्पाचे पाणी होऊन ते घाटमाथ्यावर कोसळते. डोंगर ओलांडून पूर्वेस उतरताना तेच वारे उष्ण होत जातात व त्यांतील ओलावा फार थोडा उरतो. म्हणून महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि कवठे महांकाळच्या बाजूस तो सुमारे ५०० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दशांश. अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

मुलीला आनंद होतो. ज्याला आजोबा नशीब म्हणतात, तो डोंगर आहे! परंतु हा आनंद फार वेळ टिकत नाही. पाऊस का पडत नाही ते भूगोलाने सांगितले. पण पाऊस न पडला म्हणजे माणसांचे काय होते, ते त्या पानावर कोठेच नाही. मिलिमीटरांचा आकडा तहानलेला नसतो. तेव्हा शाळेच्या कपाटातून ती एक कादंबरी घेते: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’.

माडगूळकर याच मुलखातले. १९२७ साली आटपाडी तालुक्यातील माडगूळ येथे त्यांचा जन्म झाला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत एक तरुण शिक्षक धनगरांच्या लहानशा वाडीवर शाळा चालविण्यास जातो. मुले मेंढरांमागे रानात गेलेली असतात. शाळा कशाला हवी, हेच पुष्कळांना कळत नसते. हळूहळू शिक्षक आणि वाडी एकमेकांची होतात. पुढे दुष्काळ पडतो. माणसे मेंढरे घेऊन परमुलखी निघून जातात आणि भरलेली वाडी ओस पडते.

आजोबांना अक्षर वाचता येत नाही. म्हणून मुलगी रोज रात्री त्यांना हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखविते. मेंढरांचे वर्णन आले, की आजोबा मध्येच हसतात आणि आपल्या आठवणी सांगू लागतात. वाडी रिकामी होते तो भाग आला, तेव्हा मात्र ते हसत नाहीत. बराच वेळ ते गप्प बसतात आणि मग म्हणतात, “बहात्तर साली आम्हीपण असंच घराला कुलूप लावलं होतं. पुस्तकात कसं बरोबर आलंय!”

आणि मग पुस्तक मांडीवर तसेच राहते व आजोबा बोलू लागतात. १९७२ सालच्या दुष्काळात ते ऐन तरुण होते. पोट भरण्यासाठी गावोगावचे लोक सरकारी कामांवर खडी फोडीत असत. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी त्या वेळी लोकांनी खाल्ली. मुलांना सुकडी मिळे. आजोबा आणखीही एक गोष्ट सांगतात. त्या साली अन्न नव्हते, पण खोल विहिरींच्या तळाशी थोडेफार पाणी तरी होते. अलीकडच्या दुष्काळांत पैसा असला तरी पाणी नसते, कारण विंधनविहिरी खोल खोल नेऊन जमिनीच्या पोटातले पाणीही माणसांनी उपसले. ही गोष्ट मुलीला शाळेच्या पुस्तकात मिळालेली नव्हती. ज्यांना आपण अडाणी समजतो, अशा माणसांजवळ पुष्कळदा एक न छापलेले पुस्तक असते. ते उघडण्यासाठी मात्र एखाद्या छापील पुस्तकाची किल्ली लागते.

येथपर्यंत आल्यावर एखादी वाचक थांबली असती. पण या मुलीचा प्रश्न आता बदललेला असतो. पाऊस का पडत नाही, हे तिला कळले. त्याने काय होते, तेही कळले. आता ती विचारते: असे व्हायलाच हवे का? या प्रश्नासह ती तिसऱ्या पुस्तकापाशी येते. ते आहे महात्मा जोतीराव फुले यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’. १८८३ साली ते लिहून पूर्ण झाले. फुल्यांचे मूळ गाव कटगुण हे सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. म्हणजे तेही या अवर्षणाच्या पट्ट्यातलेच. पुस्तकाची भाषा जुनी आहे, वाक्ये लांबलचक आहेत, आणि लिहिणाऱ्याचा संताप पानोपानी जाणवतो. पहिली काही पाने मुलीला जड जातात. तरी ती नेट धरते, आणि तिला नवल वाटेल असा मजकूर सापडतो. डोंगरउतारावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी ठिकठिकाणी ताली व बंधारे घालून अडवावे, ते शेतांत मुरू द्यावे, त्यासाठी सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील माणसे कामास लावावीत, अशी सूचना फुल्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. शेतकऱ्याच्या दैन्याचा दोष त्यांनी आभाळाला दिला नाही. विद्येचा अभाव, जुलमी कारभार आणि धर्माच्या नावाने होणारी लुबाडणूक यांना त्यांनी जबाबदार धरले.

आता पुस्तकांत भांडण लागल्यासारखे होते. भूगोल म्हणतो, दोष डोंगराचा. फुले म्हणतात, दोष माणसांचा. आजोबा म्हणतात, दोष नशिबाचा. मग खरे कोणाचे? अशा वेळी कच्चा वाचक गोंधळतो आणि शेवटी जे पुस्तक आवडले तेच खरे मानतो. ही मुलगी मात्र तिघांचे म्हणणे समोरासमोर मांडते. तिच्या ध्यानात येते, की हे तिघे एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. पाऊस कमी पडणे ही निसर्गाची गोष्ट आहे. पण पाऊस कमी पडला म्हणून माणसांनी देशोधडीला लागावे, ही निव्वळ निसर्गाची गोष्ट नव्हे. डोंगर हलविता येत नाही. पाणी अडविता येते. आणि ज्याला आयुष्यभर दुसरा उपायच कोणी दाखविला नाही, त्याने त्या असहायतेला नशीब म्हटले, तर त्यात त्याचा काय अपराध?

हे मत तिने कोणत्याही एका पुस्तकातून उचललेले नाही. ते तिचे स्वतःचे आहे. आणि ते खरे आहे की नाही, हे ताडून पाहण्यास तिला दूर जावे लागत नाही. मिरज तालुक्यात म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने चढावर आणले जाते. त्या उपसा सिंचन योजनेचे पाणी कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांकडे येते. जेथे ते पोहोचले, तेथे द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या आणि बेदाण्याच्या शेड दिसू लागल्या. तालुक्यातून जाणाऱ्या अग्रणी नदीचे पात्र वर्षानुवर्षे कोरडे पडलेले होते. तिच्या खोऱ्यात लोकांनी हातभार लावून पात्र मोकळे करण्याची व पाणी अडविण्याची कामे केली. फुल्यांची सूचना जणू पुस्तकातून उतरून ओढ्यात आली. तरीही सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. पाणी चढविण्यास वीज लागते, विजेचे पैसे द्यावे लागतात, आणि पाणी एका शिवारात येते तेव्हा शेजारच्या शिवारात ते येतेच असे नाही. म्हणून मुलीचा प्रश्नही संपलेला नाही. तो पुढच्या पुस्तकाची वाट पाहत आहे.

“इतकी पुस्तके वाचण्यापेक्षा शाळेचे एक पुस्तक नीट वाचावे,” असे पुष्कळ वडीलधारी माणसे म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. दहा पुस्तकांची पाने भराभर उलटण्यापेक्षा एक पुस्तक मन लावून वाचणे केव्हाही चांगले. परंतु एकच पुस्तक वाचणाऱ्याला त्या पुस्तकात काय नाही, हे कधीच समजत नाही. भूगोलाच्या पुस्तकात माणूस नव्हता, हे कादंबरी वाचल्यावर कळले. कादंबरीत उपाय नव्हता, हे ‘असूड’ वाचल्यावर कळले. आणि छापील पुस्तकांत काय राहून गेले, ते आजोबांनी सांगितले. पुस्तके एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून एक पुस्तक नीट वाचावे हे खरे; पण ते नीट वाचता यावे याचसाठी दुसरे वाचावे, हेही तितकेच खरे.

“पुस्तके ज्यांना मिळतात, त्यांच्यासाठी हे ठीक आहे,” असा दुसरा आक्षेप निघतो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यातल्या एका माणसाने आपल्या आयुष्याने दिले आहे. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. जातिभेदामुळे आणि गरिबीमुळे त्यांना शाळा लाभली नाही. कुटुंबासह ते पायी मुंबईस गेले. तेथे मजुरी करता करता दुकानांवरच्या पाट्या आणि चित्रपटांची भित्तिपत्रके पाहून ते अक्षरे जुळवू लागले, आणि पुढे मोठमोठी पुस्तके वाचू लागले. रशियन लेखक मॅक्झिम गॉर्की हा त्यांचा आवडता लेखक होता. गॉर्कीचेही शालेय शिक्षण फारच थोडे झाले होते. व्होल्गा नदीवरच्या एका बोटीवर तो भांडी घाशीत असे, आणि त्या बोटीवरच्या आचाऱ्याने त्याला वाचनाची गोडी लावली. व्होल्गेवरच्या त्या मुलाची पुस्तके वारणेकाठच्या मुलाच्या हाती आली. आणि १९५९ साली त्या वाचकानेच ‘फकिरा’ ही कादंबरी लिहून मराठी वाचकांपुढे ठेवली. वाचनाची भूक असली, म्हणजे दुकानाची पाटीसुद्धा पहिले पुस्तक होते.

मात्र पुस्तके आपोआप टिकत नाहीत, हेही विसरता कामा नये. २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीतील जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो पुस्तके भिजून नष्ट झाली. त्याच जिल्ह्यात पूर्वेकडची माणसे पाण्याच्या थेंबासाठी तळमळत आली आहेत, आणि पश्चिमेकडे पाण्याने पुस्तके बुडाली! पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ग्रंथ असे गेले, म्हणजे कित्येक प्रश्नांची उत्तरेही त्यांच्याबरोबर जातात. गावच्या वाचनालयातले पुस्तक फाडणे, त्याची पाने दुमडणे किंवा ते वेळेवर परत न करणे हाही एक लहानसा पूरच होय. तो पूर आणणे अथवा थांबविणे प्रत्येक वाचकाच्या हाती असते.

श्रावणात एखाद्या संध्याकाळी कवठे महांकाळच्या माळावर दोन सरी येऊन जातात. आजोबा समाधानाने आभाळाकडे पाहतात, आणि मुलगी बांधाकडे पाहते. पडलेले पाणी वाहून चालले की मुरते आहे, हे ती पाहत असते. मग आजोबाही उठतात, खोरे घेतात, आणि बांध जेथे फुटला आहे तेथे माती ओढू लागतात. नात शेजारी उभी राहून दगड लावते. नशिबाविषयी त्या वेळी दोघांपैकी कोणीच काही बोलत नाही.