उरल्यासुरल्याचे दान

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा सण साजरा होतो. वर्षभरात जे लाभले त्याबद्दल आभार मानावेत आणि सर्व कुटुंबाने एका पंगतीस बसावे, हा त्याचा हेतू. परंतु पंगत उठते न उठते तोच बाजार भरतो. शुक्रवारी ‘ब्लॅक फ्रायडे’, शनिवारी लहान दुकानदारांचा दिवस, सोमवारी घरबसल्या खरेदीचा ‘सायबर मंडे’, आणि या साऱ्यांच्या शेवटी, मंगळवारी, दानाचा दिवस! हा ‘गिव्हिंग ट्यूजडे’ २०१२ साली न्यूयॉर्क शहरात सुरू झाला. ज्यांनी तो सुरू केला त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात किंतु नाही. आमचा आक्षेप आहे तो क्रमाविषयी.

बाजाराने सणास आपल्या सोयीप्रमाणे वाकवावे, ही गोष्ट तेथे नवी नव्हे. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटचा गुरुवार तीस तारखेला येत असल्यामुळे नाताळापूर्वीच्या खरेदीस दिवस थोडे उरतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच एक आठवडा अलीकडे ओढला. काही संस्थानांनी नवी तारीख मानली, काहींनी जुनी, आणि अखेर १९४१ साली चौथा गुरुवार कायद्याने मुक्रर झाला. कृतज्ञतेचा मुहूर्त जेथे गल्ल्याकडे पाहून ठरतो, तेथे दानाच्या वाट्यास बाजार उठल्यानंतरचा दिवस यावा, यात नवल ते काय?

यावर कोणी म्हणेल, “दिवस कोणता का असेना, पैसा तर जमतो ना?” जमतो, आणि थोडाथोडका नव्हे. २०२४ साली त्या एका मंगळवारी अमेरिकेत ३.६ अब्ज डॉलर दिले गेले, असा संयोजकांचाच अंदाज आहे. या रकमेने अनेकांची भूक भागली असेल, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु आदल्याच दिवशी, अडोबी कंपनीच्या हिशेबाप्रमाणे, त्याच देशात संगणकावरून व मोबाईलवरून १३.३ अब्ज डॉलरांची खरेदी झाली होती. प्रश्न रकमेचा नाही. आधी काय काढून ठेवले आणि मागाहून काय उरले, याचा आहे. जे उरते ते देणे आणि जे द्यावयाचे ते आधी काढून मग उरलेल्यात भागविणे, या दोन अगदी निराळ्या वृत्ती आहेत. पहिलीत मनुष्य आपल्या मनाची टोचणी शमवितो. दुसरीत तो दुसऱ्याचा हक्क मान्य करतो.

ही दुसरी वृत्ती महाराष्ट्रास नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले मुष्टिफंडावर जगली. स्वयंपाकाच्या धान्यातून गृहिणीने एक मूठ त्या मुलांसाठी बाजूस काढावयाची, अशी ती रीत. घरची भाकरी थापण्यापूर्वीच दुसऱ्याच्या लेकराचा वाटा निघे; जेवून उरलेला शिळा तुकडा कोणी त्या मडक्यात टाकीत नसे. अण्णासाहेब कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी कार्यकर्ते दिवाळीत घरोघर जाऊन भाऊबीज मागत. तेथे देणारा दाता नसे, भाऊ असे; आणि ओवाळणी काही सवलतीच्या दरात मिळालेल्या वस्तूंचा हिशेब लागल्यावर कोणी घालीत नाही.

“मग तुमच्याकडे तरी दानास पर्वकाळ नव्हते काय?” असाही प्रश्न येईल. होते. संक्रांत होती, ग्रहण होते, अधिक मास होता. गीतेच्या सतराव्या अध्यायातही सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र पाहण्यास सांगितले आहे. परंतु काल पाहणे म्हणजे घेणाऱ्याची वेळ ओळखणे, असे आम्ही समजतो. अनाथ मुलाच्या ताटात रोज दोन वेळा अन्न लागते, खेड्यातील शिक्षिकेस दरमहा वेतन लागते. त्यांची गरज एखाद्या मंगळवारची वाट पाहत थांबत नाही. शिवाय एकाच दिवशी सहस्रावधी संस्था हात पसरू लागल्या, म्हणजे ज्यांचा आवाज मोठा त्यांची झोळी भरते, आणि आडगावची शाळा तशीच राहते.

वाचक म्हणतील, ही अमेरिकेची उठाठेव आम्हांस कशाला? कारण इतकेच की ज्या गुरुवाराशी आपला काडीचा संबंध नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ‘सवलत’ आज पुण्यामुंबईच्या घराघरांत येऊन पोहोचली आहे. गुरुवारची कृतज्ञता मात्र समुद्रापलीकडेच राहिली. आपली दिवाळीही आता खरेदीच्या मोसमाचे दुसरे नाव होत चालली आहे, आणि खरेदी आटोपल्यावर “काही उरले तर पाहू” हे वाक्य आपल्याही तोंडी बसले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांस तर दोन्ही बाजार लागोपाठ गाठतात.

दानाचा आणखी एखादा दिवस काढावा, असे आमचे म्हणणे नाही. आहेत ते पुष्कळ झाले. आमची मागणी साधी आहे. पुढल्या दिवाळीची यादी करावयास घरातील मंडळी बसतील, तेव्हा कपडे, फराळ, दागिना यांच्याही वर, पहिल्या ओळीवर, एखाद्या ओळखीच्या संस्थेचे नाव लिहावे व त्यापुढे रक्कम मांडावी. ती थोडी असली तरी चालेल, पण दरमहा जावी. यादी आखडावी लागली तर खालून आखडावी. मूठ आधी निघाली म्हणून घरची भाकरी कमी पडल्याचे आमच्या आजीने कधी सांगितले नाही.