मळवलीचा छापखाना आणि आपले देवघर

राजा रविवर्मा यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याला एक ठरावीक उतार असतो. 1848 मधील किळिमानूरचा जन्म, त्रावणकोर दरबारातील उमेदवारी, 1873 चे व्हिएन्नाचे पारितोषिक, संस्थानिकांची व्यक्तिचित्रे, बडोद्यासाठीची चौदा पौराणिक चित्रे. आणि मग छापखाना. इथे आले की समीक्षकाचा आवाज खाली येतो. थोर चित्रकार धंद्यात पडला, हात पोळून घेतले आणि कलाही स्वस्त केली, असा सूर लागतो. आमचे मत नेमके उलट आहे. छापखाना हा या कारकिर्दीचा उतार नसून तिचा कळस आहे.

दगडावरून चित्र छापणे महाराष्ट्राला नवे नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पुण्यातील चित्रशाळा 1878 पासून रंगीत चित्रे छापत होती. 1894 मध्ये मुंबईत निघालेल्या रविवर्मा यांच्या छापखान्याने त्यात तैलचित्राचा भास आणला. एका चित्रातले रंग सुटे करायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, तोच कागद एकामागून एक त्या सर्व दगडांवर तंतोतंत जुळवायचा आणि शेवटी वर वार्निशाची झाक द्यायची. एक रंग केसभर सरकला तरी लक्ष्मीचा चेहरा बिघडे. या कामाला 'नक्कल' म्हणून झटकणाऱ्यांनी ते कधी नीट समजून घेतले आहे, असे आम्हांला वाटत नाही.

आणि हे काम कोणी उभे केले? चित्रकार मल्याळी. भांडवलात भागीदार मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी. तंत्रज्ञ जर्मन. चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या प्रती काढाव्यात, ही सूचना आधी केली होती ती सर टी. माधवराव यांनी. ते तंजावरकडील मराठी घराण्यातले. पूर्वज इकडून तिकडे गेलेले, आणि स्वतः त्रावणकोरचे व पुढे बडोद्याचे दिवाण. प्लेगाने ग्रासलेल्या मुंबईतून हा छापखाना 1899 च्या सुमारास मावळात, कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याजवळ मळवलीला आला. तोटा वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. पुढे दादासाहेब फाळके यांनी याच छापखान्यात काही काळ काम केले. आपल्या चित्रपटाच्या मुळाशी मळवलीचा हा दगड आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते?

आक्षेप आहेत आणि ते क्षुल्लक नाहीत. आनंद कुमारस्वामी यांनी या चित्रांवर नाटकीपणाचा आणि भारतीय भावाच्या उणिवेचा ठपका ठेवला होता. त्याहून गंभीर मुद्दा असा की, या छापील देवतांनी गोरा वर्ण आणि उच्चवर्णीय नेसण यांनाच देवत्वाचा साचा करून टाकले. हे आम्हांला मान्य आहे. परंतु याच कागदाने, ज्याला देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्याच्या भिंतीवर चार पैशांत देव आणून टांगला, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगता आल्या पाहिजेत.

पुनावळ्यात बसून हे लिहिताना या विषयाला वेगळी धार येते. आकुर्डी किंवा देहूरोडहून लोकलने मळवली तासाभराच्या आत येते. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा सारा पट्टा बाहेरून आलेल्या हातांवर चालतो. कोणी लातूरचा, कोणी बुलढाण्याचा, कोणी बिहारचा. 'आपले' आणि 'बाहेरचे' ही भांडणे आमच्या वर्गातही पोहोचतात. अशा वेळी विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच विचारतो, की घरातल्या दिनदर्शिकेवरच्या लक्ष्मीचे गाव कोणते? मल्याळी कुंचला, गुजराती पैसा, जर्मन यंत्र, मावळची माती; आणि पूजा करणारे हात आपले.

1972 च्या आगीत त्या छापखान्याचे फार मोठे नुकसान झाले. रणजित देसाई यांच्या कादंबरीमुळे रविवर्मा मराठी वाचकाच्या घरात आले. श्लायशर मात्र आले नाहीत, आणि दगड घासणारे, रंग जुळवणारे कामगार तर नाहीतच. मराठी कलेतिहासाच्या पाठ्यक्रमात मळवलीला एक स्वतंत्र प्रकरण मिळावे, अशी आमची मागणी आहे. ज्यांच्या हातून आपले देव घडले, त्यांना पाहुणे म्हणणे निदान आपल्याला तरी शोभत नाही.