बोके आणि लोणी

आमच्या सोसायटीत सध्या बोक्यांचा फार सुळसुळाट झाला आहे. चार पायांच्या बोक्यांविषयी माझी तक्रार नाही. ते बिचारे दूध पितात, ओटा पुसायला लावतात आणि निघून जातात. मी म्हणतोय ते बोके गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडतात आणि त्यांना फक्त लोणी लागतं. "बॅकग्राउंड बघा काका, कसं लोण्यासारखं आलंय!" असं म्हणून ते आपल्या नाकासमोर एक फोटो धरतात. फोटोत एक चेहरा असतो. त्या चेहऱ्याचा एक डोळा लख्ख असतो, दुसरा जरा पेंगुळलेला. आणि कानाच्या मागं परमेश्वरानं जे काही जग निर्माण केलं आहे ते सगळं कढईत घालून वितळवलेलं.

'बोके' हे नाव मी ठेवलेलं नाही, बरं का. तो मूळ जपानी शब्द. अर्थ धूसरपणा. १९९७ साली 'फोटो टेक्निक्स' या अमेरिकन मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी तो छापताना, वाचकांनी उच्चार नीट करावा म्हणून, त्याच्या शेपटीला एक 'एच' जोडला आणि तो जगभर झाला. गंमत अशी, की म्हातारपणी माणसाला काही आठवेनासं होतं त्यालाही जपानीत याच उच्चाराचा शब्द आहे. मला विचाराल तर हा दुसरा अर्थच जास्त बरोबर आहे.

ज्यांचा कॅमेऱ्याशी संबंध "जरा हसा" एवढ्यापुरताच आला असेल त्यांच्यासाठी थोडं शास्त्र सांगतो. लेन्सच्या पोटात एक भोक असतं. त्याला अ‍ॅपर्चर म्हणायचं. ते लहानमोठं करता येतं. मात्र त्याचा आकडा उलटा चालतो. आकडा लहान तर भोक मोठं, कारण लेन्सच्या फोकल लेंग्थला त्या आकड्यानं भागायचं असतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.८ लावा, भोक होईल २८ मिलिमीटरचं, म्हणजे दहाच्या नाण्याएवढं. १६ लावा, ते होईल तीन मिलिमीटरचं, मुगाच्या दाण्याएवढं. मुगाएवढ्या भोकातून जवळचं-लांबचं बरंचसं स्पष्ट उमटतं. नाण्याएवढ्या भोकातून एक पातळ काप तेवढा स्पष्ट, त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं धूसर. ८५ मिलिमीटरची लेन्स १.४ वर उघडून दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलात, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात हा काप साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. त्यातला निम्माच डोळ्याच्या पुढं. आमच्या घराण्यातली नाकं पाहता स्पष्टता डोळ्यापासून निघते ती शेंड्यापर्यंत पोचतच नाही.

आता हे नाण्याएवढं भोक लावून लोक करतात काय, ते सांगतो. शेजारचे एक गृहस्थ कर्नाटक फिरून आले आणि त्यांनी मला बसवून चारशे फोटो दाखवले. "हे कुठलं?" "हंपी." फोटोत वहिनी, वहिनींच्या मागं पिवळट लोणी. "आणि हे?" "हळेबीड." साडी बदललेली, लोणी करडं. पुढच्या फोटोत लोणी तांबूस होतं. मी म्हटलं, "हे बदामी असणार." बरोबर निघालं! होयसळांच्या कारागिरांनी बाराव्या शतकात मूर्तींच्या अंगावरचा एकेक दागिना दगडात कोरून ठेवला, आणि आमचे गृहस्थ तो अंगठ्याच्या एका फटक्यानं पुसून आले. वर प्रवासखर्च वेगळा. अहो, वहिनींचाच फोटो काढायचा होता तर गच्चीत काढायचा!

वारीचं तर विचारूच नका. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवेघाट चढते तेव्हा वळणावळणानं माणूस, पताका, तुळशी, पुन्हा माणूस असं डोंगरभर दिसतं. ते दृश्य टिपायला पुण्याहून पहाटे निघालेला बोका घाटात उतरतो, एक फेटेवाले म्हातारबोवा गाठतो, त्यांच्या सुरकुत्यांवर लेन्स रोखतो आणि बाकीचा सगळा घाट वितळवून टाकतो. वारीतून वारी वजा केली की काय उरतं? एक म्हातारबोवा. ते तर बाराही महिने गावात पारावर बसलेले असतात. आणि माउली सगळ्यांना घेऊन चालतात हो, निवडून एकाला नाही.

घरच्या समारंभात या प्रकाराला वेगळीच धार येते. मुंजीचा ग्रुप फोटो. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर वडीलधारी, मागच्या रांगेत उभी तरुण मंडळी. उत्साही भाच्यानं ५० ची लेन्स १.८ वर ठेवलेली, अंतर तीन मीटर. स्पष्टतेचा काप चाळीस सेंटिमीटरांच्या आतबाहेर. पुढची रांग लख्ख, मागच्या रांगेतले तीनही जावई धूसर. आता जावयाला लाडू कमी पडला तर समजूत घालता येते. जावयाला धूसर करण्यावर आपल्या शास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेलं नाही. तोच भाचा एफ ८ वर गेला असता तर पावणेदोन मीटरांहून जास्त जागा मिळाली असती, आणि मानपान सुखरूप राहिले असते.

यावर बोक्यांचं ठरलेलं उत्तर असतं. "काका, बॅकग्राउंड डिस्टर्ब करतं. नजर विषयावर राहिली पाहिजे." एका छायाचित्र प्रदर्शनात परीक्षकांनीही हेच प्रवचन दिलं. मी म्हणतो, डिस्टर्ब करतं तर दोन पावलं डावीकडे सरका की! गुडघे वाकवा, जिना चढा. मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवलेला दिसत असेल तर माणसाला बाजूला घ्या. चांगले छायाचित्रकार आजवर हेच करत आले. रघुबीर सिंहांचे आपल्या देशाचे रंगीत फोटो पाहा. एका चौकटीत दहा गोष्टी चाललेल्या असतात आणि एकही दुसरीच्या पायावर पाय देत नाही. नजर कुठं ठेवायची ते पाहणाऱ्याला कळतं. तो काही तान्हा नाही त्याचं डोकं धरून वळवायला.

आणि हे भांडणही मी उकरून काढलेलं नाही. एका काळी फोटो चित्रासारखा मऊ, स्वप्नाळू, धुक्यातला काढणं हीच कला मानली जायची. त्याला कंटाळून अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोला एक गट काढला आणि त्याला चक्क भोकाच्या आकड्याचं नाव दिलं : 'ग्रुप एफ ६४'. मोठ्या कॅमेऱ्यांवरचं ते अगदी बारीक भोक. दिसतं ते सगळं स्वच्छ दिसू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. नव्वद वर्षं उलटून गेली आणि आम्ही पैसे मोजून पुन्हा धुक्यात.

खरा प्रश्न असा आहे, की 'विषय' कुठला आणि 'बाकीचं' कुठलं हे ठरवणार कोण? १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत गोळीबार झाला. त्यानंतर मुंबईचे छायाचित्रकार नारायण विनायक विरकर तिथं गेले आणि त्यांनी बागेचे फोटो काढले. त्यांत भिंतीपाशी माणसं आहेत आणि भिंतीवर गोळ्यांची भोकं आहेत. त्या फोटोत भिंत ही पार्श्वभूमी नाही, साक्षीदार आहे. विरकर आजच्या फॅशनचे असते तर एखाद्या फेट्याचा सुरेख पोर्ट्रेट मिळाला असता, मागं लोण्यासारखी भिंत. पुरावा साफ.

एवढं मोठं उदाहरण नको असेल तर घरातलं सांगतो. आमच्याकडे १९६२ सालचा थोरल्या भावाच्या मुंजीचा फोटो आहे. काकांनी डबा कॅमेऱ्यानं काढलेला. बारा फोटोंचा रोळ, फोकस कायमचा ठरलेला, हातात फिरवण्यासारखं काही नाहीच. त्यामुळं बटूही दिसतो, तांब्याचा बंबही दिसतो, कालनिर्णयापूर्वीच्या जमान्यातलं भिंतीवरचं पंचांगही दिसतं. आणि माजघराच्या दारात, अर्धी दाराआड, परात घेऊन उभी असलेली आमची थोरली आत्या दिसते. ती लहानपणीच विधवा झालेली. मंगलकार्यात तिनं राबायचं, पण फोटोला पुढं यायचं नाही. "ये गं, तूही बस" असं तिला कुणी म्हटलं नाही. तिचा दुसरा फोटो नाही. आज तिची भाचरं-नातवंडं त्या फोटोचा तेवढाच तुकडा मोठा करून घेतात. ज्यांना जन्मभर मागं उभं केलं ती माणसं फोटोतही मागंच सापडायची. तो कॅमेरा बोक्याच्या हातात असता तर आत्या परातीसकट वितळली असती, आणि फोटोला प्रदर्शनात बक्षीस मिळालं असतं.

मोठ्या भोकावर माझा राग आहे असं समजू नका. ते उजेडासाठी आहे, आणि त्या कामाला ते हवंच. स्टॅनली क्युब्रिकनं १९७५ च्या 'बॅरी लिंडन' मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग टिपले ते झाइसच्या एफ ०.७ लेन्सवर. ती मुळात नासासाठी बनवलेली. तुम्हीही समईच्या उजेडात आजीचा फोटो काढा, उघडा भोक दारासारखं. पण भर दुपारी बारा वाजता, रणरणत्या उन्हात, एफ १.४? म्हणजे उन्हाळ्यात शाल. आणि खर्च? ५० ची १.८ वाली लेन्स साधी, स्वस्त. १.२ वाली घ्यायला गेलात तर काही कंपन्यांत किंमत दहापटीच्या वर जाते. उजेड वाढतो सव्वादोनपट. उरलेले पैसे लोण्याचे.

मोबाइलचं मला फार कौतुक वाटायचं. त्याची लेन्स इवलीशी, त्यामुळं सगळं आपसूक स्पष्ट यायचं. गरिबाचा 'ग्रुप एफ ६४' च तो. तर २०१६ च्या सुमारास त्यातही 'पोर्ट्रेट मोड' आला. आता लेन्स सगळं दाखवते आणि आतलं यंत्र गणित करून ते पुसतं. माणूस कुठं संपतो हे त्याला नेहमीच कळतं असं नाही. त्यामुळं आजोबांच्या चष्म्याची काडी जाते, सुनेच्या झुमक्याचा लोलक जातो, आणि मोकळ्या केसांच्या बटा कात्रीनं कापल्यासारख्या होतात.

तेव्हा यापुढं माझा फोटो काढू इच्छिणाऱ्यांसाठी नियम सांगून ठेवतो. ३५ ची लेन्स, एफ ११, फोकस पावणेचार मीटरवर. दोन मीटरांपासून पार क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. मागं रद्दीचा गठ्ठा येऊ द्या, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे येऊ द्या, बंद पडलेलं घड्याळ येऊ द्या, आणि "आता कसला फोटो, पोळ्या निवताहेत" म्हणत दारात उभी राहिलेली ही तर आलीच पाहिजे, लाटण्यासकट. माझा चेहरा जरा हलला तरी चालेल. नुसता चेहरा आणि मागं काही नाही, असा माझा एक फोटो सरकारनं फुकट काढून दिलेला आहे. तो आधार कार्डावर आहे. त्यात मी कुणालाच ओळखू येत नाही.