'एन्टूम'वर बंदी: फेकलेल्या पत्त्यांनी जिंकणारा 'ग्रेव्हयार्ड डेक' नेमका असतो तरी काय?

एक पत्ता. पहिल्यांदा छापला गेला २००१ मध्ये. खेळायला खर्च फक्त १ मॅना. काम काय? आपल्याच डेकमधून हवा तो पत्ता शोधायचा आणि सरळ 'ग्रेव्हयार्ड'मध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात टाकायचा.

ऐकायला हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखं वाटतं. पण १० नोव्हेंबर २०२५ ला 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाच्या कंपनीने याच पत्त्यावर 'लेगसी' प्रकारात बंदी घातली. पत्त्याचं नाव 'एन्टूम'.

एकाच डेकला आवरण्यासाठी कंपनीने पंधरा महिन्यांत केलेला हा चौथा वार होता. आधीचे तीन पुरे का पडले नाहीत? आणि स्वतःचे पत्ते फेकून देणारा डेक इतका भारी कसा ठरतो? समजून घेऊया.

आधी खेळ थोडक्यात

'मॅजिक' १९९३ मध्ये बाजारात आला. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तो तयार केला. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ही कंपनी तो काढते आणि १९९९ पासून ती 'हॅस्ब्रो'च्या मालकीची आहे. भारतात आपल्याला पोकेमॉनचे पत्ते जास्त ओळखीचे, पण पत्ते जमवून आपला डेक बांधायचा या प्रकारच्या खेळांची सुरुवात मॅजिकपासून झाली.

प्रत्येक खेळाडू स्वतःचा किमान ६० पत्त्यांचा डेक बांधून आणतो. एका नावाचे जास्तीत जास्त ४ पत्ते चालतात. दोघांचेही २० गुण असतात, ज्याचे आधी शून्य होतात तो हरतो.

पत्ता खेळायला 'मॅना' लागतो. मॅना म्हणजे खिशातले पैसे समजा. पहिल्या फेरीत साधारण १, दुसरीत २, तिसरीत ३ असा तो वाढत जातो. त्यामुळे ८ मॅनाचा राक्षस सरळ मार्गाने आठव्या फेरीच्या आसपास उतरतो.

ग्रेव्हयार्ड डेक हा सरळ मार्गच टाळतो.

फेकलेला पत्ता कामाचा कसा?

रमीत आपण फेकलेला पत्ता समोरचा उचलू शकतो. मॅजिकमध्ये तसं नाही. इथे प्रत्येकाचा फेकलेल्या पत्त्यांचा ढीग वेगळा असतो आणि तिथून पत्ते परत आणणारे पत्तेही खेळात आहेत. १९९३ च्या पहिल्याच संचात 'ॲनिमेट डेड' होता. १९९७ मध्ये 'रीॲनिमेट' आला, खर्च १ मॅना.

आता हिशेब बघा. 'आर्कॉन ऑफ क्रुएल्टी' नावाचा ६/६ ताकदीचा उडता राक्षस ८ मॅनाचा आहे. 'एन्टूम'ने १ मॅनात तो ढिगात टाकला आणि 'रीॲनिमेट'ने आणखी १ मॅनात मैदानात उठवला. एकूण खर्च २ मॅना. 'रीॲनिमेट'मुळे तुमचे ८ गुण जातात, पण राक्षस येताक्षणी ३ गुण परत देतो, वर समोरच्याचे ३ गुण आणि हातातला एक पत्ता घालवतो. हे सगळं दुसऱ्या फेरीत. समोरच्याने जेमतेम एक-दोन पत्ते खेळलेले असतात.

असा डेक बांधतात कसा?

ग्रेव्हयार्ड डेकची नावं अनेक असली, तरी आत साधारण तीन प्रकारचे पत्ते असतात:

- खणणारे: पत्ते ढिगात पाठवणारे. 'एन्टूम', किंवा दोन पत्ते घेऊन दोन फेकायला लावणारा 'फेथलेस लूटिंग'.
- उठवणारे: ढिगातून मैदानात आणणारे. 'रीॲनिमेट', 'ॲनिमेट डेड'.
- उठणारे: ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. 'आर्कॉन'सारखे महागडे राक्षस, किंवा स्वतःच परत येणारे पत्ते.

नवखा खेळाडू हमखास तिसऱ्या प्रकारात अडकतो. भारी राक्षस दिसले की तेच भरतो. पण हातात तीन राक्षस आणि खणणारा एकही नाही, तर तो हात वाया गेला. डेक चालतो तो पहिल्या प्रकारावर.

हे साध्या संभाव्यतेच्या गणितातून दिसतं. सुरुवातीला ७ पत्ते हातात येतात. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये खणणारे ४ असतील, तर त्यातला किमान एक हातात येण्याची शक्यता सुमारे ४०%. ८ असतील तर ६५%. आणि १२ असतील तर ८१%.

म्हणून मुरलेला खेळाडू सगळ्यात आधी खणणारे मोजतो. त्यातही दुहेरी काम करणारे शोधतो. 'स्टिचर्स सप्लायर' हा १ मॅनाचा छोटा पत्ता बघा. मैदानात येताना डेकवरचे तीन पत्ते ढिगात टाकतो आणि मरताना आणखी तीन. शिवाय तोवर मैदानात एक प्राणी म्हणून उभा असतोच.

मग याला उतारा नाही का?

आहे, आणि जालीम आहे. 'लेलाइन ऑफ द व्हॉइड' हा पत्ता सुरुवातीच्या हातात आला, तर खेळ सुरू होण्याआधीच फुकट मैदानात ठेवता येतो. मग तुमचे पत्ते ढिगात जातच नाहीत, ते खेळातूनच बाद होतात. 'रेस्ट इन पीस' दोघांचेही ढीग साफ करतो आणि पुन्हा साचू देत नाही.

स्पर्धेत सामना तीन डावांचा असतो. पहिल्या डावानंतर १५ राखीव पत्त्यांमधून, म्हणजे 'साइडबोर्ड'मधून, बदल करता येतात. त्यामुळे ग्रेव्हयार्ड डेकचं ठरलेलं चित्र असं: पहिला डाव सहज खिशात आणि दुसऱ्या डावात समोरून उतारा हजर.

इथेही तेच गणित लागू होतं. चार 'लेलाइन' ठेवणाऱ्याच्या पहिल्या हातात ती येण्याची शक्यता सुमारे ४०%. नाही आली तर हात बदलता येतो. २०१९ पासूनच्या नियमानुसार पुन्हा पूर्ण ७ पत्ते बघायला मिळतात आणि त्यातला एक डेकच्या तळाशी ठेवायचा. असा एकदा हात बदलायची तयारी असेल, तर शक्यता ६४% पर्यंत जाते.

म्हणजे डेक घासूनपुसून तयार करायचा, 'ट्यून' करायचा, तो मुख्यतः या दुसऱ्या आणि तिसऱ्या डावासाठी. इथली नेहमीची चूक म्हणजे घाबरून जास्त बदल करणं. 'लेलाइन' फोडणारे आठ पत्ते घातले, तर तेवढेच खणणारे-उठवणारे काढावे लागतात. मग समोरच्याकडे उतारा आलाच नाही, तरी तुमचं यंत्र बंद पडलेलं असतं. म्हणून अनेक जण मोजकेच बदल करतात किंवा ढिगाशिवायही जिंकता येईल असा दुसरा मार्ग डेकमध्येच ठेवतात.

हा दुसरा मार्गच 'लेगसी'मध्ये डोकेदुखी ठरला.

पंधरा महिने, चार वार

'लेगसी' हा मॅजिकचा जुना प्रकार. बंदी असलेले सोडले, तर १९९३ पासूनचे जवळपास सगळे पत्ते त्यात चालतात. तिथे निळ्या-काळ्या रंगाचा रीॲनिमेटर डेक डोईजड झाला. तो राक्षसही उठवायचा आणि ते जमलं नाही तर छोट्या प्राण्यांच्या जोरावर साध्या मार्गानेही जिंकायचा. उतारा आणावा तर साधी लढाई हरायची. न आणावा तर दुसऱ्या फेरीत राक्षस समोर.

कंपनीची पावलं क्रमाने अशी:

- २६ ऑगस्ट २०२४: 'ग्रीफ'वर बंदी. मॅना न देता, एक काळा पत्ता मोजून हा खेळता येतो आणि समोरच्याच्या हातातला पत्ता फेकायला लावतो. पहिल्याच फेरीत तो पुन्हा उठवला की दुसरा पत्ताही जातो.
- १६ डिसेंबर २०२४: 'सायकिक फ्रॉग'वर बंदी. हा बेडूक म्हणजे डेकचा 'दुसरा मार्ग', शिवाय हातातले पत्ते ढिगात टाकायची सोय.
- ३१ मार्च २०२५: 'ट्रोल ऑफ खझाद-दूम'वर बंदी. हा १ मॅनात स्वतःच ढिगात जातो, बदल्यात जमिनीचा पत्ता मिळवून देतो आणि नंतर उठवताही येतो. खणणारा आणि उठणारा एकाच पत्त्यात.
- १० नोव्हेंबर २०२५: शेवटी 'एन्टूम'.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. पहिले तिन्ही पत्ते २०२१ ते २०२४ या काळात आलेले. म्हणजे जुन्या आवडत्या डेकच्या गाभ्याला हात न लावता नवे साथीदार काढायचे, असा कंपनीचा कल या यादीत दिसतो. पण साथीदार गेला की खेळाडू त्याच्या जागी दुसरा आणत राहिले. खणणारा आणि उठवणारा शाबूत असेल, तर उठणारे बदलत राहतात.

'होगाक'ने हाच धडा आधी दिला होता

२०१९ च्या जूनमध्ये 'मॉडर्न होरायझन्स' या संचात 'होगाक' नावाचा ८/८ चा राक्षस आला. त्याला मॅना देताच येत नाही. मैदानातले दोन काळे किंवा हिरवे प्राणी आणि ढिगातले पाच पत्ते एवढ्यात तो फुकट उतरतो, तोही थेट ढिगातून. मेला तरी वेताळासारखा पुन्हा हजर.

८ जुलै २०१९ ला कंपनीने 'मॉडर्न' या प्रकारात बंदी घातली, पण ती त्याच्यावर नाही, तर त्याचा साथीदार असलेल्या 'ब्रिज फ्रॉम बिलो' या २००७ च्या पत्त्यावर. खेळाडूंनी ब्रिज काढला, दुसरे पत्ते घातले आणि डेक चालूच राहिला. त्याच महिन्यात बार्सिलोनाच्या मोठ्या स्पर्धेत दर पाच खेळाडूंमागे साधारण एक जण होगाक घेऊन आला होता. अनेकांनी 'लेलाइन' साइडबोर्डऐवजी पहिल्या डावापासूनच मुख्य डेकमध्ये ठेवली. स्पर्धा जिंकली ती मात्र 'ट्रॉन' या वेगळ्याच डेकने.

२६ ऑगस्टला 'होगाक' आणि त्याच्यासोबत 'फेथलेस लूटिंग' असे दोन्ही बाद झाले. इथे दोष नव्या राक्षसाचा होता, पण जुना, स्वस्त खणणारा पत्ताही त्याच्यासोबत गेला.

बंदी, सुटका आणि पुन्हा बंदी

या पत्त्यांचा प्रवास एकाच दिशेने होत नाही.

'फेथलेस लूटिंग'ची डिसेंबर २०२४ मध्ये मॉडर्नमध्ये सुटका झाली. 'गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल' २०११ मध्ये मॉडर्न सुरू झालं तेव्हापासून बंदीत होता. २०१५ मध्ये सुटला आणि २०१७ मध्ये पुन्हा आत गेला. 'एन्टूम'ही लेगसीत २००९ पर्यंत बंदीतच होता. सोळा वर्षं मोकळा राहून तो परत आत गेलाय.

असं का होतं? खणणारा पत्ता एकटा निरुपद्रवी असतो. त्याची ताकद ठरते ती ढिगातून काय उठवता येतं त्यावरून. आणि उठणारे पत्ते दर वर्षी नवे छापले जातात. २००९ मध्ये चालून जाणारा 'एन्टूम' २०२५ मध्ये जड झाला, कारण तो तोच राहिला आणि त्याने शोधायचे पत्ते बदलले.

मग फटका कोणाला?

कागदी पत्ते विकत घेतलेल्यांना. 'मॅजिक अरेना' या मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या खेळात बंदी आली, तर बदल्यात सहसा 'वाइल्डकार्ड' मिळतं. कागदी पत्त्यावर बंदी आली, की पैसे परत मिळत नाहीत. लेगसी तर मुळात महागडा प्रकार. त्यातले काही जुने पत्ते पुन्हा न छापण्याचं आश्वासन कंपनीने १९९६ मध्येच दिलंय आणि त्यातल्या काहींची किंमत शेकडो डॉलर आहे.

म्हणून बंदी थोडी-थोडी घालण्यालाही किंमत असते. पहिल्या तीन बंद्यांनंतर ज्यांनी डेक दुरुस्त केला, त्यांनी प्रत्येक वेळी नवे पत्ते घेतले, आणि चौथ्या वेळी गाभाच गेला. दुसरीकडे, पहिल्याच झटक्यात 'एन्टूम' काढला असता, तर वर्षानुवर्षं हाच डेक प्रेमाने खेळणाऱ्यांना नव्या पत्त्यांच्या चुकीची शिक्षा झाली असती. दोन्ही बाजूंना तक्रार करायला जागा आहे.

पण मोठा प्रश्न छपाईचा आहे. 'ग्रीफ', 'ट्रोल', 'फ्रॉग', 'होगाक' हे सगळे कंपनीनेच अलीकडे काढलेले पत्ते. जुन्या खणणाऱ्यांच्या हाती ते पडल्यावर काय होईल, हे विक्रीच्या आधी तपासणं कंपनीच्या हातात होतं. विक्रीनंतर येणाऱ्या बंदीचा खर्च मात्र खेळाडूच्या खिशातून जातो.

तुम्ही असा डेक बांधायच्या विचारात असाल, तर पैसे खर्च करण्याआधी तीन गोष्टी बघा. खणणारे पत्ते किती आहेत? समोर 'लेलाइन' आली तर तुमच्याकडे दुसरा मार्ग आहे का? आणि सगळा डेक एकाच पत्त्यावर उभा आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर पुढच्या बंदीच्या घोषणेची तारीख आधी बघा आणि मगच तो पत्ता विकत घ्या.