विश्लेषण : मुलाची भाषा शाळेआधीच घडते ती कशी? त्यात घरातल्या खेळाचा वाटा किती?

राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून २०२५ मध्ये मोठा वाद झाला. एप्रिलमध्ये निघालेला शासन निर्णय जूनमध्ये बदलला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली. या वादात शाळेतल्या भाषेची भरपूर चर्चा झाली. मात्र मूल पहिलीत येते तेव्हा त्याची भाषेची निम्मी इमारत उभी राहिलेली असते. ती उभी राहते घरात, अंगणात आणि मुख्यतः खेळताना.

घरातल्या भाषेचा शाळेतल्या वाचनाशी काय संबंध?

‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीच्या केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. यामागे शाळा, शिक्षक, पुस्तके अशी अनेक कारणे आहेत. पण वाचन म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे. मुलाने ‘विहीर’ हा शब्द अक्षरे जुळवून वाचला, पण तो कधी ऐकलाच नसेल, तर वाचूनही त्याच्या हाती काही लागत नाही. ऐकलेल्या आणि बोललेल्या शब्दांचा साठा जितका मोठा, तितके पुढचे वाचन सोपे जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा सलग ‘पायाभूत टप्पा’ मानला, त्यामागे हाच विचार आहे.

जास्त शब्द कानावर पडले की झाले का?

अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली यांच्या १९९५ मधील अभ्यासाने गरीब आणि सधन घरांतील मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत प्रचंड तफावत असल्याचे म्हटले होते. हा अभ्यास अवघ्या ४२ कुटुंबांचा होता आणि त्यावर पुढे बरीच टीकाही झाली. नंतरच्या संशोधनाचा भर शब्दांच्या संख्येपेक्षा संवादाच्या देवाणघेवाणीवर आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांवरील २०१८ च्या एका अभ्यासात, मोठ्यांशी आळीपाळीने जास्त बोलणाऱ्या मुलांच्या मेंदूतील भाषेशी संबंधित भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसला. थोडक्यात, मुलासमोर बोलणे वेगळे आणि मुलाशी बोलणे वेगळे. खेळात ही देवाणघेवाण आपोआप होते, कारण खेळ एकट्याने पुढे जात नाही.

मोबाइलवरील गाणी, गोष्टी पुरत नाहीत का?

पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांचा २००३ मधील प्रयोग याचे उत्तर देतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी काही व्यक्ती प्रत्यक्ष समोर बसून चिनी मँडरिन भाषेत बोलल्या, खेळल्या. त्या बाळांना या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. ज्यांना तेच बोलणे पडद्यावर दाखवले, त्यांच्यावर तसा परिणाम दिसला नाही. पडदा बाळाच्या नजरेकडे पाहत नाही आणि त्याच्या हुंकाराला उत्तरही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच. दोन ते चार या वयात तो दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावा आणि त्याहून कमी तितका चांगला.

कोणते खेळ उपयोगी पडतात?

त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. भातुकलीत मूल ‘आधी’, ‘नंतर’, ‘थोडं’, ‘पुरे’ असे शब्द वापरते, पाहुण्यांशी आदराने आणि बाहुलीशी रागावून बोलून पाहते. बडबडगीतांतील यमकांमुळे शब्दांतले ध्वनी वेगळे करण्याची सवय लागते. ‘घरातल्या ‘क’च्या वस्तू शोध’ या खेळातही तेच घडते. ‘ओळख पाहू, लाल आहे, गोल आहे, भाजीत घालतात’ अशा कोड्यांतून वर्णन करायला शिकता येते. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालतानाही हे खेळ चालतात.

मूल चुकले तर? ‘माझा पुस्तक’ म्हणणाऱ्या मुलाला ‘चूक, परत म्हण’ असे दटावण्यापेक्षा ‘हो, तुझं पुस्तक! त्यात काय आहे?’ असे म्हणणे चांगले. योग्य रूप त्याच्या कानावर पडते आणि बोलणेही थांबत नाही. प्रश्न विचारल्यावर मात्र थोडे थांबावे लागते. लहान मुलांना शब्द जुळवायला वेळ लागतो आणि त्याआधीच मोठी माणसे उत्तर देऊन मोकळी होतात.

घरी इंग्रजीतच बोलावे का?

इंग्रजी शाळेच्या प्रवेशासाठी अनेक पालक ‘बेटा, हँड वॉश कर’ अशी भाषा घरात आणतात. पण ज्या भाषेत पालकांना गोष्ट रंगवता येते, थट्टा करता येते, ‘का’ला उत्तर देता येते, तीच मुलासाठी समृद्ध भाषा. मग ती मराठी असो, अहिराणी असो, कोरकू असो वा गोंडी. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते, हा समजही खरा नाही.

ज्या पालकांकडे वेळच नाही, त्यांचे काय?

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांना ‘मुलांशी खेळा’ असे सांगणे सोपे आहे. तिथे अंगणवाडीची जबाबदारी वाढते. बोर्डी-कोसबाड परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गरीब, आदिवासी मुलांच्या दारापर्यंत बालशिक्षण नेले होते. आज सरकारचा ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रम आहे, तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वयोगटासाठी ‘आधारशिला’ हे आराखडे आहेत. पण आहार, नोंदी आणि सर्वेक्षणे उरकल्यावर सेविकेला मुलांबरोबर खेळायला किती वेळ उरतो, यावर त्यांचे यश ठरेल.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबणे काही वेळा महागात पडते. बाळ वर्षाचे होऊनही बडबडत नसेल, दोन वर्षांचे होऊनही ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द बोलणे त्याने बंद केले असेल, तर आधी श्रवण तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी होते आणि गरजेनुसार जिल्हास्तरीय केंद्रात पाठवण्याची सोय आहे. ऐकूच येत नसेल तर केवळ खेळ पुरेसा ठरत नाही आणि उपचार जितके लवकर, तितका फायदा अधिक.