डीजेला वर्गणी, शाहिराला चहा

31 जुलै जवळ आली की धुळे, जळगावच्या वस्त्यांमध्ये गाड्या ठरू लागतात. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आले होते. त्या आठवणीत दरवर्षी भीमस्मृती यात्रा भरते. हिरवा डोंगर, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल आणि आता डीजे. वाटेवर एखादा म्हातारा गायक पेटी घेऊन बसलेला असतो. त्याचा आवाज चार पावलांवरही ऐकू येत नाही.

डीजेच्या नावाने ओरडणाऱ्या बाहेरच्यांना ध्वनिप्रदूषण फक्त 14 एप्रिललाच आठवते. त्यांचा सूर आमचा नाही. आम्हीही डीजेपुढे नाचलो आहोत. आमचा प्रश्न हिशेबाच्या वहीचा आहे. वर्गणीतून आधी डीजे, मग लायटिंग, मग फ्लेक्स. उरले तर गायन पार्टी. शाहिराला शाल, चहा आणि जमले तर गाडीभाडे. वस्तीच्या भिंतीवर हाताने बाबासाहेब रंगवणारा पेंटर आज घरांना रंग देत फिरतो, कारण फ्लेक्सवर बाबासाहेबांसोबत मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो मावतात!

ही चळवळ कलावंतांच्या पायावर उभी राहिली. सत्यशोधक जलशाची वाट पुढे नेत 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात नवा विचार भरला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक हयातभर गावोगाव गात फिरले. जलशात नुसती गाणी नव्हती. सवाल-जवाब होते, फार्स होता, भटशाहीची आणि सावकाराची टिंगल होती. म्हणून 'स्टँडअप पुण्या-मुंबईचं फॅड आहे' असे आमची पोरे म्हणतात, तेव्हा हसू येते. एकटा माणूस उभा राहून गावाच्या सत्तेची खिल्ली उडवतो, हे आपल्याला नवे नाही. बीडची अंकुर तांगडे आज जातीच्या अनुभवावर स्टँडअप करते. मालेगावच्या छोटू दादाचे व्हिडिओ कोटींच्या संख्येने पाहिले जातात. म्हणजे आपल्या भागाला हसता येते, पण मोबाईलवर, एकट्याने.

भीती आहे, ती खोटी नाही. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या रॅपर्सवर गाण्यांमुळे गुन्हे दाखल झाले. मार्च 2025 मध्ये कुणाल कामराच्या कार्यक्रमानंतर खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची शिंदे गटाच्या शिवसैनिकांनी तोडफोड केली. मुंबईत कलाकाराच्या मागे निदान वकील उभा राहतो. जळगावात पोराच्या बापाला फोन येतो.

पण सगळा दोष बाहेर ढकलून चालणार नाही. आमच्याच एका विहारातल्या कविसंमेलनात एका मुलीने अहिराणीत विनोदी कविता वाचली. जयंतीला पुरुष मंचावर आणि बाया भोजनदानाच्या चुलीपाशी, एवढाच विषय. मागे बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. चौथ्या कडव्याला माईक बंद झाला. 'तांत्रिक अडचण' असे सांगितले गेले. आम्ही आयोजकांपैकीच होतो आणि गप्प बसलो. अभिव्यक्तीवर कुठे गदा आली की निवेदन घेऊन कलेक्टर ऑफिसवर जाणारे आम्हीच.

जागा नाही ही सबबही पुरती खरी नाही. जळगावचे संभाजीराजे नाट्यगृह किंवा धुळ्याचे शाहू नाट्यमंदिर वस्तीतल्या मंडळाला परवडत नसेल. पण आपली विहारे संध्याकाळी बहुधा रिकामीच असतात. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. माणसे तीन महिने रोज येतात, शांत बसतात, ऐकतात. एवढा तयार श्रोता कोणत्या क्लबला मिळतो? वाचन संपल्यावर आठवड्यातून एकदा अर्धा तास स्थानिक कवीला, शाहिराला, विनोद करणाऱ्या पोराला द्यावा. वर्गणीच्या वहीत मानधनाचा रकाना डीजेच्या वर लिहावा, आणि तो किती हे शाहिराला आधी विचारावे. एका भिंतीचा फ्लेक्स रद्द करून पेंटरला बोलवावे.

यंदा आमच्या विहारात असा अर्धा तास ठरला आहे. त्या मुलीला पुन्हा विचारले. ती तयार आहे, पण तिची एक अट आहे: माईकचे बटण चुलीपाशी बसणाऱ्या एखाद्या बाईच्या हाती असावे. कमिटीत यावर अजून चर्चा चालू आहे.